कार्ड आलं, पण त्याला लावायची वायरच नाही

प्रिय ताई,

बाबांनी काही वर्षांपूर्वी हिशेबाच्या कामासाठी एक ब्रँडेड डेस्कटॉप घेतला होता. दिवसभर तो त्यांच्याकडे असतो, रात्री माझ्याकडे येतो. आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. ग्राफिक्स कार्ड नव्हतं. शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि आरएक्स ६६०० घेतलं. कॅबिनेट उघडलं तर कार्डाला लागणारी आठ पिनची वायर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागातून, निघतच नाही. एक मित्र म्हणतो, साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून आठ पिन करून देणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लाव, सगळे लावतात. दुसरा म्हणतो, ब्रँडेड पीसी अपग्रेड होतच नाहीत, डबा विकून टाक. तीन आठवडे कार्ड खोक्यात पडून आहे. एसएमपीएसच्या लेबलचा आणि आतला फोटो सोबत पाठवतेय. काय करू?

— रोज खोकं उघडून बघणारी

*

आधी कन्व्हर्टरचं बोलू, कारण हे वाचेपर्यंत तू तो आणलाही असशील. तो लावू नकोस. आणला असेल तर परत कर, परत घेत नसतील तर टाकून दे. ड्रॉवरमध्येही ठेवू नकोस. हाताशी असला की एखाद्या सुट्टीच्या दुपारी "पाच मिनिटं लावून बघू" असं वाटतंच.

आणि डबा विकायचंही कारण नाही. तुझ्या दोन्ही मित्रांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं आहे. कन्व्हर्टर खरंच मिळतो आणि पुष्कळजण तो लावतात. ब्रँडेड पीसी अपग्रेड करताना अडचणी येतात हेही खरं. पण अडचण कुठे येते ते नीट कळलं की त्यातून वाट निघते. तू पाठवलेल्या फोटोंत ते सगळं दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साटाचा पॉवर कनेक्टर हातात घेऊन बघ. चपटा, एका टोकाला एल आकाराचा, आत पंधरा बारीक पट्ट्या. त्यातल्या १२ व्होल्टच्या फक्त तीन. एका पट्टीने दीड अँपिअर वाहून न्यावेत एवढीच तिची कुवत. म्हणजे तिन्ही मिळून साडेचार अँपिअर, आणि १२ व्होल्टने गुणलं की ५४ वॅट. हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्हसाठी हे भरपूर झालं, कारण तो कनेक्टर त्यांच्यासाठीच केलेला आहे.

आता कार्डाकडे ये. आरएक्स ६६०० ला कंपनीच्याच आकड्याप्रमाणे १३२ वॅट लागतात. मदरबोर्डच्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, त्यातले १२ व्होल्टवरचे ६६. कार्डाने स्लॉट अगदी शेवटपर्यंत पिळून घेतला असं धरलं, तरी उरलेले ६६ वॅट वायरीतूनच यायला हवेत. प्रत्यक्षात कार्ड स्लॉटवर इतका भार टाकत नाही, मोठा वाटा वायरीतूनच ओढतं. म्हणजे ५४ वॅटच्या कनेक्टरमधून ६६ पेक्षा बरेच जास्त वॅट, तेही गेम चालू असेपर्यंत सलग, दोन दोन तास.

यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. आठ पिनच्या प्लगमधल्या सगळ्या पिना वीज नेणाऱ्या नसतात. १२ व्होल्टच्या तीनच असतात, बाकीच्या ग्राउंडच्या, आणि त्यातल्या दोन खुणेच्या. त्या दोन जोडलेल्या दिसल्या की कार्ड समजतं, "पलीकडे १५० वॅट द्यायची तयारी आहे." कन्व्हर्टर बनवणारे त्या दोन पिना ग्राउंडला जोडून मोकळे होतात. कार्ड बिचारं विश्वासाने मागत राहतं आणि मागे ५४ वॅटचा कनेक्टर तापत राहतो.

असा तापलेला कनेक्टर मी हातात धरला आहे. दुरुस्तीच्या कामाला लागून मला वर्षभरही झालं नव्हतं. एकजण डेस्कटॉप घेऊन आले, तक्रार एवढीच की गेम चालू असताना मशीन मधेच बंद पडतं. कॅबिनेट उघडलं तेव्हा बाहेरून सगळं जागच्या जागी होतं. फक्त एक वास होता, गरम इस्त्रीखाली नायलॉन चिकटल्यावर येतो तसा. कन्व्हर्टर ओढला तर निघेना. जोर लावल्यावर निघाला तो अर्धाच. साटाच्या तोंडाचं काळं प्लास्टिक मऊ होऊन दुसऱ्यात रुतलं होतं, पिवळ्या वायरीचं आवरण मुळाशी तपकिरी पडून आक्रसलं होतं आणि १२ व्होल्टच्या तीन पट्ट्यांपैकी एक पट्टी पार काळी झाली होती. त्या माणसाचं नशीब चांगलं, म्हणून मशीन नुसतं बंद पडत होतं. तेव्हापासून हा कन्व्हर्टर कोणी लावतो म्हणालं की मी हातातलं काम टाकून आधी त्याला थांबवते.

तुझ्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. तुझा आतला फोटो मी मोठा करून पाहिला. तुझ्या हार्ड डिस्कची पॉवर वायर एसएमपीएसमधून आलेलीच नाही. ती मदरबोर्डवरच्या एका छोट्या पांढऱ्या कनेक्टरमधून निघते. अलीकडच्या अनेक ऑफिस डेस्कटॉपमध्ये अशीच रचना असते. एसएमपीएस बोर्डाला फक्त १२ व्होल्ट देतो आणि डिस्कला लागणारी वीज बोर्ड आपल्या अंगावरून पुढे पाठवतो. तिथे कन्व्हर्टर लावलास तर कार्डाचा सगळा भार मदरबोर्डवरच्या त्या केसाएवढ्या तांब्याच्या रेषांवर येईल. जळाला तर कनेक्टर नाही, बोर्डच जळेल. आणि त्याच बोर्डाला बाबांच्या हिशेबांची डिस्क जोडलेली आहे.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बाबांच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे, आणि त्या तिथून उघडतात का हे बाबांना स्वतः बघू दे. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, काही बदललं की ती की मागितली जाऊ शकते, आणि ऐन वेळी ती सापडत नाही. तू गेमसाठी केलेल्या उद्योगामुळे बाबांची एक जरी फाइल गेली, तरी पुढे या कॅबिनेटला हात लावायची तुझी सोय राहणार नाही.

आता लेबल. एसएमपीएसचं लेबल नीट वाचायला शिकलीस की ब्रँडेड पीसीचं निम्मं कोडं सुटतं. तुझ्या लेबलवर वर ठळक २६० वॅट आहे. खाली १२ व्होल्टच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकी १६ अँपिअर. सोळा आणि सोळा बत्तीस, बाराने गुणून ३८४ वॅट, असा हिशेब करून पुष्कळजण खूश होतात. पण त्याच्याही खाली बारीक अक्षरांत दोन्ही ओळींची एकत्रित मर्यादा छापलेली आहे, २४० वॅट. खरा आकडा तोच. तुझा प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा आहे, पण टर्बोवर, म्हणजे जादा वेगावर, गेला की तो त्याच्या वर जातो, ८० ते ९० धरून चालावं. कार्डाचे १३२. बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून तीस-चाळीस. बेरीज २४० ते २६० च्या घरात. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, ती वेगळीच. म्हणजे आठ पिनची वायर असती तरी हा एसएमपीएस पुरला नसता. आरएक्स ६६०० साठी एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

यात तुझ्या पीसीची बनवाबनवी नाही. हा डबा ज्यांनी आखला त्यांनी ऑफिसच्या कामाला लागतात तेवढे वॅट मोजले, थोडे वर ठेवले आणि थांबले. जागेचंही तसंच, पंख्यांचंही तसंच. त्यामुळे ब्रँडेड पीसीत वॅट किती, जागा किती आणि प्लग कुठले हे आधी बघायचं आणि मग खरेदी ठरवायची. तुझ्याकडून क्रम उलटा झाला, पण बाजी गेलेली नाही.

तुझ्यापुढे दोन चांगले रस्ते आहेत. मी तुझ्या जागी असते तर आधी पहिला पक्का तपासला असता.

पहिला रस्ता: कार्ड ठेवायचं, एसएमपीएस बदलायचा. तुझं कॅबिनेट पूर्ण उंचीचं, टॉवर आहे, हे तुझं भाग्य. अशा टॉवरची तीच चौकट कंपन्या वेगवेगळ्या मॉडेलांत वापरतात आणि त्यातली काही मॉडेलं ग्राफिक्स कार्डासकट विकलेली असतात. त्यांच्यात मोठा एसएमपीएस असतो, बोर्डाचे प्लग तेच आणि शिवाय कार्डासाठी सहा अधिक दोन पिनची वायर. डब्याच्या मागचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघड आणि एसएमपीएसच्या पानावर किती वॅटचे पर्याय दिलेत ते बघ. ४६० किंवा ५०० चा पर्याय असेल तर त्याचा पार्ट नंबर टिपून तोच सुटा भाग शोध. बसवायला सोपा, स्क्रूची भोकं जुळतात, प्लग जुळतात. जुना वापरलेला मिळाला तरी चालेल, मात्र विकणाऱ्याकडे तो भाराखाली चालवून बघ आणि त्याच्या प्लगांचा फोटो तुझ्या बोर्डाशी ताडून घे.

तसा भाग मिळाला नाही तर बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस बसवण्याचा विचार तुझ्या मनात येईलच. तो बसेलच असं नाही. एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असतो, खोली बहुधा १४० किंवा जास्त. तुझ्या डब्यातली पोकळी आधी मोज. शिवाय तुझ्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा प्लग नाही, सहा पिनचा आहे. त्यासाठी २४ वरून ६ करणाऱ्या जोडण्या मिळतात आणि मी त्यांना कन्व्हर्टरसारखं सरसकट वाईट म्हणणार नाही. पण एक बारकावा आहे. मशीन बंद असताना बोर्डाला जागं ठेवणारी जी वीज लागते, ती एटीएक्स ५ व्होल्टवर देतो. या असल्या काही बोर्डांना तीच १२ व्होल्टच्या आसपास हवी असते. म्हणून चांगल्या जोडणीत व्होल्ट वाढवणारं एक चिमुकलं सर्किट बसवलेलं असतं. जोडणी तुझ्याच मॉडेलसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नकोस. पिना बसल्या म्हणजे वीज जुळली असं होत नाही.

एसएमपीएसच्या खोक्यावरच्या "८० प्लस" शिक्क्याबद्दल एवढंच, की तो भिंतीतून घेतलेली वीज किती कमी वाया जाते हे सांगतो. आतली संरक्षणं किती भक्कम आहेत हे तो सांगत नाही.

दुसरा रस्ता: एसएमपीएस ठेवायचा, कार्ड बदलायचं. दुकानदार कार्ड बदलून देत असेल, किंवा तुला ते न वापरलेलं म्हणून चांगल्या किमतीला विकता येत असेल, तर स्लॉटच्या ७५ वॅटवरच चालणारं, वायर न लागणारं कार्ड घे. यात मला सर्वांत पटतं ते आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं, ७० वॅटचं. इथे डोळ्यांत तेल घालून बघ, कारण ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्ड त्याच्या आधीपासून आहे आणि ते १३० वॅटचं असून त्याला वायर लागते. नाव एक, कार्डं दोन. खोक्यावर ६ जीबी आहे का, आणि कार्डाच्या कडेला पॉवरचं तोंड नाही ना, हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघ. २०१९ चं जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं आहे. त्याची बरीचशी मॉडेलं वायरीविना चालतात, पण सगळी नाही, आणि ४ जीबी मेमरी आता अपुरी पडते.

आरएक्स ६४०० तुला कोणीतरी सुचवेलच, कारण ते ५३ वॅटचं आणि छोटंसं आहे. तुझ्यासाठी नको. ते बोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे माहिती नेणाऱ्या चारच वाटांवर, बोलतं. नव्या चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते निभावतं, पण तुझा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा स्लॉट देतो, म्हणजे रस्ता अरुंद तो अरुंद आणि त्यावर वेगही निम्मा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली आणि सामान रॅममधून आणायची वेळ आली की गेम गचके खायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा झाला तर तो भार प्रोसेसरवर.

या तिन्हींपेक्षा तुझं आताचं कार्ड सरळ वरचढ आहे. ८ जीबी मेमरी आहे, १०८०पी वर बहुतेक गेम ते नीट पेलतं, आणि रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं, हार्डवेअरही आहे. जीटीएक्स १६५० मध्ये ते नाही, आणि २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'सारखे काही गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुझ्या चौकटीत बसणारा कंपनीचा मोठा एसएमपीएस मिळत असेल तर कार्ड ठेव. आठ-दहा दिवस शोधूनही मिळाला नाही तर कार्ड बदलून घे आणि मन रमव. एसएमपीएस शोधण्यात बदलून देण्याची मुदत मात्र उलटून जाऊ देऊ नकोस. आजच पावती काढून तारीख बघ.

या सगळ्यात तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मागे पडल्या, आणि खरं तर तिथे तुला आजच फरक पडेल. ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क.

फोटोत चार रॅम स्लॉट दिसतात आणि त्यात एकच पट्टी. प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलू शकतो, तुझी एक वाट बंद पडून आहे. डीडीआर४-२६६६ ची एक पट्टी सेकंदाला साधारण २१ जीबी नेते, दोन वाटांवर दोन पट्ट्या असल्या की साधारण ४२. अजून ८ जीबीची त्याच वेगाची दुसरी पट्टी घे आणि योग्य स्लॉटमध्ये घाल. तो बहुतेक शेजारचा नसतो, एक सोडून असतो. कॅबिनेटच्या झाकणाच्या आत चिकटवलेला नकाशा बघ. जास्त वेगाच्या रॅमवर पैसे घालवू नकोस, हा बोर्ड तिला २६६६ वरच चालवेल. पट्टी बसवताना मधली खाच जुळव आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाब. "टक्" आवाज येईपर्यंत दाबायची, त्याआधी थांबायचं नाही. नव्याने रॅम घातल्यावर मशीन चालू झालं नाही अशा तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यातल्या कितीतरी पट्ट्या नुसत्या अर्ध्या बसलेल्या होत्या.

हार्ड डिस्कचं असं आहे की चांगली डिस्क सलग वाचायला लागली तर सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते. साटा एसएसडी साडेपाचशे देते, आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान प्रकारची एसएसडी, साडेतीन हजारांपर्यंत. पण गेम सलग वाचत नाही. तो इथली भिंत, तिथलं झाड, पलीकडचा आवाज असे हजारो तुकडे उचलत असतो, आणि हार्ड डिस्कच्या डोक्याला प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलावी लागते. नव्या गल्लीत वळल्यावर चित्र अर्धा सेकंद गोठतं ना, ते पुष्कळदा यामुळे. कितीही भारी कार्ड लावलं तरी हे जात नाही. २०२३ च्या 'स्टारफील्ड'ने तर किमान गरजांतच एसएसडी लिहिली. तुझ्या बोर्डावर प्रोसेसरच्या खाली एम.२ चा रिकामा स्लॉट दिसतोय. त्यात एनव्हीएमई चालते का हे त्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ, कारण एम.२ हा नुसता आकार आहे, आत साटाही असू शकतं. आणि एसएसडी धरून ठेवणारा बारीकसा स्क्रू बोर्डावर आहे का तेही बघ. ब्रँडेड पीसीत तो बऱ्याचदा दिलेलाच नसतो. विंडोज आणि गेम एसएसडीवर ठेव, जुनी डिस्क बाबांच्या फायलींच्या जास्तीच्या प्रतीसाठी राहू दे.

हे करतानाच विंडोज ११ वर जा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ज्या मशीनवर घरातले हिशेब आहेत त्याला सुरक्षेचे अपडेट बंद झालेले चालणार नाहीत. तुझा आठव्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतो. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना विंडोज अस्सल आहे का ते तपासणारी) बायोसमध्ये चालू करावे लागतील. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर याच दोन गोष्टी मागतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

कार्ड बसवायचा दिवस येईल तेव्हा आधी जागा मोज. मागच्या पट्टीपासून पुढच्या ड्राइव्हच्या पिंजऱ्यापर्यंत फुटपट्टी लाव आणि कार्डाची लांबी त्याच्याशी ताड. आरएक्स ६६०० ची मॉडेलं बनवणाऱ्यागणिक लहानमोठी आहेत. जाडीही बघ, दोन स्लॉट अडवेल. भिंतीतला प्लग काढ, मग चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धर म्हणजे आत साचलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाल. कार्डाला पंख्यांना धरून उचलू नकोस, कडांना धर. बसल्यावर स्लॉटच्या टोकाची कडी मिटलेली दिसली पाहिजे. मागचा स्क्रू घट्ट कर, नाहीतर कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकतं.

मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाला लाव. हे फार सोपं वाटतं, पण नवं कार्ड घालूनही जुन्याच बिल्ट-इन ग्राफिक्सवर महिनोन्महिने खेळणारी माणसं मला भेटली आहेत. तुझा मॉनिटर जुना असेल आणि त्याला फक्त निळं व्हीजीए असेल तर कार्डावर ते तोंड मिळणार नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टच्या सिग्नलचं रूपांतर करणारा सक्रिय ॲडॉप्टर लागेल, नुसती वायर चालणार नाही.

मग उष्णता. हा डबा ऑफिससाठी आखला, त्यात मागे एकच पंखा आहे आणि पुढची जाळी प्लास्टिकने निम्मी झाकलेली. आरएक्स ६६०० आपली गरम हवा डब्यातच सोडतं. आधी ब्लोअरने धूळ काढ, पण हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, ते भन्नाट फिरू देऊ नकोस. मग एक साधी परीक्षा कर. अर्धा तास गेम चालव आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रामात कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी बाजूचं झाकण काढून तेवढाच वेळ तोच गेम. तापमान दहा अंशांनी उतरलं तर डब्याला श्वास कमी पडतोय, पुढून हवा आत ओढणारा एक पंखा लागेल. तो घेण्याआधी बोर्डावरचा पंख्याचा प्लग बघ, काही ब्रँडेड बोर्डांवर तो नेहमीसारखा नसतो. प्रोसेसरची थर्मल पेस्टही इतक्या वर्षांनी वाळलेली असेल. नवी लावायला हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम कर, आणि ओढू नकोस, हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सोडव.

सगळं झाल्यावर अपेक्षा कुठवर ठेवायची, तेही सांगते. तुझ्या प्रोसेसरला सहा कोअर (आतली कामाची केंद्रं) आणि सहाच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत. गेमचं प्रत्येक चित्र आधी प्रोसेसर जुळवतो आणि मग कार्ड रंगवतं. ६० फ्रेम हव्यात तर एका चित्राला दोघांपैकी प्रत्येकाला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो, १४४ हव्यात तर सातसुद्धा नाहीत. ६० ला तुझी जोडी बहुतेक ठिकाणी पोचेल, गजबजलेल्या मोठ्या शहरांच्या गेममध्ये प्रोसेसर आधी दमेल. कोण दमतंय ते असं ओळख: टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, मग ग्राफिक्सची पातळी उतरव. कार्ड ६० टक्क्यांवर बसलंय आणि तरी फ्रेम पडतायत, तर प्रोसेसर अडलाय. तेव्हा ग्राफिक्स उतरवून काही होणार नाही, गेममधली गर्दी आणि दूरवरचं दिसणं कमी कर. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम ६० वर बांधून टाक. कार्ड थंड राहील, डबा शांत राहील आणि नव्या एसएमपीएसवरही भार कमी.

पुढेमागे प्रोसेसर बदलावासा वाटला तर याच सॉकेटवर आय७-८७०० बसतो, सहा कोअर, बारा थ्रेड. पण ते आता नको. रॅम आणि एसएसडी घालून एक महिना खेळ, मग ठरव.

तर क्रम असा धर: आज पावतीवरची तारीख आणि बाबांच्या फायली. या आठवड्यात रॅम आणि एसएसडी, कारण त्यांना कुठलीही वायर अडवत नाही. आणि त्याच वेळी सर्व्हिस मॅन्युअलमधून एसएमपीएसचा शोध. पार्ट नंबर सापडला की तो आणि विकणाऱ्याने दिलेला लेबलचा फोटो मला पाठव. १२ व्होल्टच्या ओळीखालची बारीक अक्षरं दिसतील एवढा जवळून काढ. मी वाचून कळवेपर्यंत कार्ड खोक्यातच राहू दे.

— तुझी ताई